माझ्या नावावर जगणारा माणूस

चहा घ्या आधी. स्वतःचा गाढवपणा सांगायचा म्हणजे घसा ओला हवा. आणि हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा, सतरंजी धुवायची असते मलाच.

मी सहावी नापास. दिल्लीत एका सरकारी कचेरीत, पेन्शनच्या खात्यात, जन्मभर शिपाई होतो. दर नोव्हेंबरात म्हातारी माणसं जिवंत असल्याचा दाखला द्यायला यायची आणि दाराशी मी उभा. फोटो नाही? उद्या या. सही चुकीच्या जागी? उद्या या. पार हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूकडून एक बाई दोन बस बदलून यायची, तिला मी तीनदा परत पाठवली. नियम म्हणजे नियम!

रिटायर झालो आणि मीही रांगेतच. आर. के. पुरमच्या बँकेत दरसाल जातो, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून. माणूस जिवंत दिसायला नको? दाखला चुकला की पेन्शन थांबली, आणि पेन्शन थांबली की विडीसाठी मुलासमोर हात पसरायचा. ते आपल्याला जमणार नाही.

आता गुरुग्रामला मुलाकडे असतो, सतराव्या मजल्यावर. गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी सून, वैशाली, फोन घेऊन समोर आली. "बाबा, चष्मा काढा. इकडे बघा. पापण्या मिटा. उघडा."

मला मोतीबिंदूची शंका होतीच. वाटलं, डोळे तपासतेय; हल्ली फोनवर काय होत नाही? दाढी वाढलेली, कवळी वाटीत, तसाच बसलो. काय निघालं विचारणार, तेवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला आणि ती कानात फोनची बोंडं घालून गेली.

दोन दिवसांनी मी कुणाला न सांगता मेट्रोनं बँकेत गेलो. तासभर रांग. खिडकीवरची पोरगी माझ्या नातीच्या वयाची. कम्प्युटरात बघून म्हणाली, "अंकल जी, आपका तो परसों हो गया. आप जीवित हैं."

म्हणजे? मी तर आत्ता आलो. मग परवा माझ्या नावावर जिवंत कोण झाला? नोकरीत असले प्रकार पाहिलेत मी. भाऊ मेला तरी भावाची पेन्शन चालूच. डोकं तापलं. तिथल्या तिथे हिंदीत अर्ज खरडला, की माझ्या नावावर दुसराच माणूस जगत आहे, त्याला ताबडतोब बंद करावे.

पोरगीनं समजावलं, दाखला रद्द केला तर पेन्शन थांबेल. मी म्हटलं थांबू दे, आधी चोर पकडा.

तिनं कम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला. फोटोत एक म्हातारा. गाल आत गेलेले, डोळे मिचमिचे, तोंड उघडं.

"यही है," मी म्हटलं. "शकल से ही चोर लगता है."

सगळी रांग पुढे वाकली. माझ्यामागे एक सरदारजी होते. त्यांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "अंकल, मफलर तो वही है."

मफलर माझ्या बायकोनं विणलेला. लोकर संपली म्हणून अर्धा हिरवा, अर्धा विटकरी. असा दुसरा दुनियेत नाही.

आता तुम्हीच सांगा, चष्म्याशिवायचा माझा चेहरा मी ओळखणार कसा? चष्मा काढला की मला आरसाच दिसत नाही!

पोरगी हसली नाही. अर्ज माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, घरच्या कुणी फोनवरून केलं असेल. पापणी हलली की माणूस जिवंत, बस. मी तीनदा विचारलं, "बस? इतना ही?" सही नाही, झेरॉक्स नाही, दाराशी माझ्यासारखा कुणी नाही. खरं सांगतो, तिथल्याच बाकावर टेकलो. सतराव्या मजल्यावर पापणी हलली आणि सरकारला कळलं, मी आहे. हिंदूरावची ती बाई माझ्यासमोर उभी राहून कितीदा पापण्या मिटायची. मी कधी बघितल्या नाहीत.

संध्याकाळी घरी आलो. वैशालीनं विचारलं, "बाबा, होतात कुठे दिवसभर?"

"चोर पकडायला गेलो होतो."

"मग? सापडला?"

मफलर काढून खुंटीला लावला. म्हटलं, "सापडला. त्याला चहा टाक."