पास्कलचं रडणारं बाळ

पास्कल गेल्याचा फोन शेजारच्या घरी आला. निरोप घेऊन आलेल्या वहिनी दारातूनच म्हणाल्या, "सुटले हो बिचारे." दुसऱ्या दिवशी मरोळच्या गावठाणात, त्याच्या घराच्या ओट्यावर, आमच्याच शाळेतले एक सर माझा खांदा थोपटत म्हणाले, "देह काय, वस्त्र. जुनं झालं, टाकलं." हे मी स्वतः संस्कृतच्या तासाला वीस वर्षं मुलांना शिकवत आलोय. पण त्या दिवशी डोकं फिरलं. आत पेटीत होता तो पास्कल होता, त्याच्या त्या रुंद, चपट्या अंगठ्यांसकट. "वस्त्र नाही," मी जरा मोठ्यानेच म्हणालो. सर चहा आणायला गेले.

अंधेरीच्या शाळेत तो चित्रकला शिकवायचा, मी संस्कृत. दोन्ही विषयांना कोणी विचारत नसे, म्हणून आमचं जमलं असावं. नाताळात चर्चच्या आवारात येशूजन्माचा गोठा उभारायचं काम त्याच्या घराकडे आजोबांपासून. बांबू, पेंढा, मेंढ्या, आणि मधोमध दुकानातून आणलेलं प्लास्टरचं बाळ, गोरंपान, गुलाबी गालांचं, हसरं. आमच्याकडे रंगीत टीव्ही आला त्या वर्षी पास्कलने ते बाजूला ठेवलं आणि मातीचं बाळ घडवलं. रंग नाही, बेंबीला नाळेचा तुकडा, आणि भोकाड पसरलेलं. गोठ्याची कमिटी खवळली. येशूबाळ असं रडतं का? पास्कल म्हणाला, "जुन्या धर्मसभेने काय ठरवलं होतं? पुरता देव आणि पुरता माणूस. मग पुरतं माणसाचं पोर रडणार नाही, तर काय भाषण देणार?"

त्याच आठवड्यात परदेशात धर्मशास्त्र शिकून आलेल्या एका विद्वानांचं व्याख्यान झालं. पास्कलने मलाही ओढून नेलं. विद्वान मोठे गोड बोलले. देव माणूस झाला हे शब्दशः घेऊ नका, ते देवाच्या प्रेमाचं सुंदर रूपक आहे, आजचे अनेक अभ्यासक असंच मानतात. पास्कल उठून उभा राहिला. "सर, रूपकाला भूक लागते का? माझी आई खोकून खोकून गेली. तिच्या उशाशी मला रूपक नको होतं." सभागृहात चुळबुळ झाली. मला तेव्हा गंमत वाटली होती. जुन्यांचा देव इतका सोवळा की त्याने रडू नये, नव्यांचा इतका तरल की तो आलाच नाही, आणि दोघांशी भांडणारा हा एकटा चित्रकलेचा मास्तर.

कमिटीने प्लास्टरचंच बाळ ठेवलं. पास्कलने मातीचं बाळ टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "सदू, सांभाळ याला." मी ते नाहूरला घरी नेलं. आईने पाट मांडला, हळदकुंकू वाहिलं, दूधसाखरेचा नैवेद्य दाखवला. दीड दिवस झाला तशी म्हणाली, "मातीची मूर्ती, पूजा झालेली. घरात ठेवू नये रे." मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमचा दीड दिवसाचा गणपती ज्या विहिरीत जातो, तिथेच मी त्याला नेलं. "पुढच्या वर्षी लवकर ये हो बाळा," आई म्हणाली.

सुट्टीनंतर पास्कलने विचारलं, "बाळ कसं आहे?" मी मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. त्याच्या हातातला खडू खाली पडला.

"बुडवलंस?"

"विधिवत, अरे. अवतारच ना तोही?"

"तुमचा देव येतो, पाहुणचार घेतो, जातो. झकास. पण आमचा राहायला आला यार! वर गेला तो पण देह घेऊन गेला, हातापायांच्या जखमांसकट. त्याने देह कुठे टाकून दिला नाही. हेच तर मी त्या लोकांशी भांडतोय, आणि तू… तू विहिरीत टाकलंस?"

आठवडाभर त्याने डबा दुसऱ्या टेबलावर खाल्ला. मग एका रविवारी मातीची पाटी घेऊन नाहूरला आला आणि आईसमोर बसून दुसरं बाळ घडवलं. हेही रडणारं. "आता हे वर्षभर तूच ठेवायचं. शिक्षा आहे तुला." दर डिसेंबरात मी ते मरोळला न्यायचो. तो ते प्लास्टरच्या बाळाशेजारी ठेवायचा, कमिटी उचलायची, तो पुन्हा ठेवायचा. तिसऱ्या वर्षी गावठाणातली एक म्हातारी लोकरीची टोपी विणून घेऊन आली. "रडतंय ते, थंडी वाजत असेल," म्हणाली आणि तिने ती बाळाच्या डोक्यात घातली. त्यानंतर कोणी हात लावला नाही. पास्कल कोपऱ्यात उभा राहून खुशाल रडत होता.

शेवटी इस्पितळात त्याच्या पोटात सतत कळा येत. मी पाय चेपत होतो. "दुखतंय रे," तो म्हणाला. "पण त्यालाही दुखलं होतं. नाहीतर मला त्याचा काय उपयोग…" मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही. माझा देव भाद्रपदात येतो आणि जातो, मला ते आवडतं. पण देह म्हणजे वस्त्र, हे आता माझ्याकडून मुलांना सांगवत नाही.

परवा कमिटीचा निरोप आला. मास्तर गेले, यंदा मातीचं घरीच राहू द्या, नवीन प्लास्टरचं आणलंय. मी कपाट उघडलं. बाळाचं नाक झिजलंय, पोटाला चीर गेलीय. बायको म्हणाली, "आता तरी विहिरीत…" आणि माझ्याकडे बघून थांबली. तान्ह्या पोराला उचलताना मानेखाली जिथे हात द्यावा लागतो, तिथे मातीत पास्कलच्या अंगठ्याचा रुंद खळगा आहे. उचलताना माझा अंगठा त्यातच बसतो.

मी नाताळात मरोळला जाणार आहे. गोठ्यात जागा दिली नाही, तर दाराशी बाळाला मांडीवर घेऊन बसेन. टोपी धुऊन ठेवली आहे.