परीक्षेला नसलेली कविता आणि अमेरिकेची पाटी

गेल्या रविवारी सकाळी वसईत, तळ्याकाठच्या आमच्या कट्ट्यावर, मी एक अख्खी कविता वाचली. म्हटली नाही... वाचली. या दोहोंमधलं अंतर कापायला मला दीड वर्ष लागलं, म्हणून हे लिहितोय.

आम्ही पाच-सहा जुने वर्गमित्र दर रविवारी जमतो. माझ्याकडे सातवीचं कवितांचं पुस्तक अजून आहे. त्यातली एक कविता मी मोठ्याने वाचायची, हा आमचा रिवाज. नियम एकच... पुस्तकात बघूनच वाचायची. पाठ म्हणणारा माणूस आपल्या सोयीने कडवी गाळतो, हा सगळ्यांचा अनुभव!

दीड वर्षापूर्वी डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला. अक्षरांच्या मुंग्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आता चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही, अक्षरच मोठं करा. आता छापलेलं अक्षर मोठं कसं करणार? मग मी पुस्तक नुसतं हातात धरून पाठ असलेल्या कविता म्हणू लागलो. मधूनच पान उलटल्याचं नाटकही करायचो...

सखारामने पकडलंच. सखाराम म्हणजे शाळेत माझ्याच बाकावर बसणारा, जवळच्या सांडोर गावात केळीची वाडी करणारा. "वाचतोस मोराची कविता, नि पान उघडलंय अनुक्रमनिकेचं! जमत नसंल तर दुसऱ्याला दे पुस्तक." सगळे हसले, मीही हसलो. पण पुस्तक दुसऱ्याच्या हातात गेलं की माझं वाचणं संपलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

लेकीला फोनवर सगळं सांगून टाकलं. दिवाळीला अमेरिकेहून आली ती ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायची पाटीच, घेऊन.

काय वस्तू आहे म्हणून सांगू! वजनाला आपल्या दोनशे पानी वहीइतकी. पडदा राखाडी, आत दिवा नाही, त्यामुळे डोळ्यांत पाणी येत नाही. कॉम्प्युटरचा पडदा उन्हात मरतो, हा उन्हात खुलतो. कडेचं बटण दाबलं की पान क्षणभर काळं होतं, कुणी डोळा मिटावा तसं... आणि उघडतं ते नवंच पान. एकदा चार्ज केलं की आठवडाभर बघायला नको. मी दोनदा बोटाला थुंकी लावून पान उलटायला गेलो, ते सोडा.

पण मराठी? मराठी फाइल टाकली तर ओळीच्या ओळी रिकामे चौकोन... वरून मिठागर दिसावं तसे. लेकीने पुस्तकाची पानं स्कॅन करून टाकली. पण ते पडलं चित्र. इंग्रजी अक्षर बटणाने हवं तेवढं फुगतं, हे मात्र होतं तसंच राहिलं. त्याच मुंग्या. लेक परत गेली, आणि पाटी कपाटात.

मग एक दिवस कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका हातात आली आणि त्यातली नावं मला चक्क वाचता आली! तसाच उठलो आणि वसई गावात पत्रिका करणाऱ्या ग्रेसीच्या डीटीपीच्या दुकानात गेलो. म्हटलं, या पडद्याच्या मापात, पत्रिकेतल्या नावांएवढ्या टाइपात, हे पुस्तक बसवून दे.

"काका, पानावर चारच ओळी मावतील."

"मावू देत."

"आणि वरती काय घालू? गणपती की क्रूस?"

"अगं, कविता आहेत या!"

"सॉरी काका, हाताला सवय ना..."

लग्नांच्या घाईतून वेळ काढून तिने तीन आठवड्यांत सगळं पुस्तक टाइप केलं, त्याची चित्रं केली आणि वायर लावून पाटीत भरून दिलं. हीही चित्रंच, पण अक्षर आधीच टपोरं! सवयीने पहिल्या कवितेभोवती वेलबुट्टी आली, आणि शेवटच्या कडव्याखाली 'हेच आग्रहाचे आमंत्रण समजावे' असंही आलं. ते मी काढू दिलं नाही.

तर रविवार. पाटी घेऊन गेलो, छापील पुस्तक सखारामच्या हातात दिलं. "आता या वयात पाटी आनलीस होय रे?" इति सखाराम. मी मोराची कविता काढायला लागलो तसा म्हणाला, "थांब. पाठ असलेली नको. परीक्षेला नाय म्हनून गुरुजींनी गाळली होती ना, शेवटची... ती वाच."

ना वर्गात, ना कट्ट्यावर, मी कधीच न वाचलेली कविता! बटण दाबत शेवटी पोचलो. बांधावर एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्याची कविता निघाली. चार ओळी... पडदा मिटला, उघडला... आणखी चार. तिसऱ्या पानावर एका जोडाक्षराशी अडलो. पाटी उन्हात धरली, अक्षर सुटलं. पुस्तकावर बोट फिरवत सखाराम ओळ न् ओळ तपासत होता.

शेवटची ओळ संपली. त्याने पुस्तक मिटलं.

"एक अक्षर नाय चुकलास." आणि पुस्तक बाजूला ठेवून, "आता परत वाच. मगाशी मी नुसता तपासत होतो... ऐकायची राहिली."

दुसऱ्यांदा वाचली तेव्हा आवाज शाळेतल्यासारखा खणखणीत लागला. लेकीचे आभार, ग्रेसीचे आभार... आणि गुरुजींचेही. त्यांनी ती गाळली नसती, तर बहात्तराव्या वर्षी मला एवढी कोरी कविता कुठून मिळाली असती?