हिरव्या टेस्टचे पेढे

पेढ्यांतल्या वेलचीचा वास आला की मला कामोठ्यातलं, ट्यूशन क्लासच्या वरचं ते ऑफिस आठवतं. नव्या माणसाच्या सगळ्या टेस्ट पहिल्यांदा हिरव्या झाल्या की त्याने पेढे आणायचे, ही तिथली पद्धत. सी या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीतल्या, मजकूर कॉपी करणाऱ्या फंक्शनच्या टेस्ट मी लिहिल्या होत्या. फंक्शन चुकलं तर लाल, बरोबर असलं तर हिरवं. सकाळी सगळं हिरवं दिसलं. आई फोनवर म्हणाली, "पयलं काम हाय, डबा मोठा घे." ऑफिस चालवणाऱ्या सरांनी सगळ्यांना बोलावलं, दोन पेढे खाल्ले, बोटं चाटली आणि ते फंक्शन मोठ्या स्क्रीनवर लावलं. "बघा, आतला सगळा कोड मी कालच उडवलाय, तरी हिच्या टेस्ट हिरव्या! अगं, उत्तर बरोबर आलं का, हे तपासायचंच राहिलं तुझं." सगळे हसले, तोंडात माझेच पेढे. उरलेला डबा घरी नेला तर आईने विचारलं, "कुनाला आवडलं नाय काय?" आज सरांच्या खुर्चीत मी बसते. नवी मुलगी डबा उघडून समोर उभी आहे. तिचं फंक्शन मी कालच रिकामं केलंय, आणि तिच्या टेस्ट हिरव्याच आहेत. "मॅडम, अजून एक घ्या ना," ती म्हणतेय, आणि मी घेते.