ठाऊक न्हाई? मग उघड!

"किती?" म्हणत ती समोरच्याच्या मनगटावरच्या घड्याळावर आपला पंजा दाबून धरायची. घड्याळ वेळेचं नव्हे, उंचीचं. अल्टिमीटर. विमानातून उडी मारणाऱ्याला जमीन किती खाली आहे, ते त्याचा काटा सांगतो. विमान वर चढत असायचं, घरघरीनं कान बधिर झालेले, आणि ही खिडकीकडं हनुवटी उडवायची. "खाली बघून सांग. मग हात काढते."

पोरगं म्हणायचं, "सहा हजार फूट?"

पंजा उचलला की काटा चारावर.

"झालं! तुझ्या मतानं अजून लय आभाळ शिल्लक हाय. तेराव्याचं जेवण कवा ठेवलंय तेवढं सांगून जा."

आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. शिराळ्याकडची. भाऊ, दीर, नवरा सगळे फौजेत. हिनं कॉलेजात असताना एनसीसीतून पहिली उडी मारली, आणि पुढं कुणालाच तिला जमिनीवर बसवता आलं नाही. पन्नाशी उलटल्यावरही सांगलीहून दुचाकी मारत आमच्या धावपट्टीवर यायची. भोवती ऊस, मधे खाजगी धावपट्टी, एक जुनं विमान, एक मालक आणि हौसेनं उडी मारायला येणारी पुण्याची पोरं. मी कडेगावचा, फौजेतून निवृत्त, तिच्याबरोबर शिकवायला होतो. मी मुळात कमी बोलणारा. लोक याला सभ्यपणा समजतात.

उडी मारल्यावर आपण पडतोय असं वाटतच नाही, हे तुम्हाला खोटं वाटेल. वाऱ्यावर पालथं निजल्यासारखं वाटतं. जमीन बराच वेळ जागची हलत नाही आणि मग एकदम अंगावर येते. म्हणून डोळा आणि घड्याळ, दोघांनाही राबवायचं. डोळ्याची शाळा तिनं उसात काढली होती. "फड चटईएवढा दिसला तर निवांत. बांध दिसला की हात तयार. ट्रॅक्टरवर कोण बसलंय ते वळखाया आलं, तर त्याला रामराम घाल. दुसरं काय करणार तू?"

एकदा एक इंजिनिअर दोन्ही मनगटांवर घड्याळं आणि ठरल्या उंचीला कानाशी शिट्टी देणारं यंत्र लावून आला. "आक्का, आता चुकायचा प्रश्नच नाही."

"तिघांनी तीन उंच्या सांगितल्या तर?"

तो विचारात पडला. "सरासरी काढायची?"

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आरं बाबा, सरासरी काढंस्तवर उसात रुतशील! ठाऊक न्हाई? मग उघड. छत्री उघडून मग बस की गणित करत."

हे ती जेवताना, चहा पिताना, कुणालाही ऐकवायची. आम्ही तिची नक्कलही करायचो. मी सगळ्यांत चांगली करायचो.

मग साताऱ्याकडच्या एका पठारावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला उड्या दाखवायचं ठरलं. आक्का आणि मी, दोघंच. कातळावर चुन्यानं मोठं वर्तुळ काढलेलं, त्यात उतरायचं. मांडव, माइक, ही गर्दी.

त्या पठारावर फड नाही, बांध नाही, झाड नाही. नुसता काळा-तांबडा कातळ. वरून बघताना तो जवळ आहे की लांब, डोळ्याला काही म्हणजे काही कळेना. उडी मारल्यावर थोड्याच वेळात आक्काची छत्री उघडलेली मी पाहिली. फार वर. मला वाटलं, चुकली. मी पडत राहिलो. माझं घड्याळ मनगटावर होतं, धडधाकट होतं. मी ते बघितलं नाही. मी वर्तुळ बघत होतो. मग एकदम गर्दीतली माणसं सुटी सुटी दिसली आणि मी ओढलं. छत्री पुरती फुलली न फुलली तोच पाय चुन्यात टेकले.

शिट्ट्या! फटाके! पुढाऱ्यानं स्वतः हार घातला. आक्काला वाऱ्यानं पठाराच्या पार कडेला नेलं. माइकवाला म्हणाला, "आक्का कर्नाटकात गेल्या वाटतं!" गर्दी हसली. मीही हसलो. बऱ्याच वेळानं ती एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर मागं बसून आली, छत्री पोटाशी कवटाळून. तिच्या घड्याळाचा काटा उडी मारली त्याच आकड्यावर अडकला होता. मला तिनं तो दाखवला. "डोळा बी गप, घड्याळ बी गप. उघडलं मग." आणि हसणाऱ्यांकडं बघत चहा मागितला.

परतताना मालकानं मला विचारलं, "आक्कांचं काय बिनसलं?" अडकलेला काटा मी पाहिला होता. माझी छत्री कुठं उघडली तेही मला माहीत होतं. मी म्हणालो, "वय झालंय."

दुसऱ्या दिवशी मालक तिला म्हणाला, "आक्का, तुम्ही आता खालीच थांबा. छत्र्यांच्या घड्या घाला."

"घड्या घालाय घरी साड्या पडल्यात," ती म्हणाली आणि पिशवी उचलली. फाटकापाशी मी उभा होतो.

"तू किती उंचीवर उघडलंस रं?"

"ठाऊक न्हाई, आक्का."

"ठाऊक न्हवतं, आन् पडत ऱ्हायलास?"

"खाली लोक बघत हुते."

तिनं पिशवी हँडलला अडकवली. मग गाडीला किक मारली.

आता ती दुसऱ्या राज्यात कुठल्याशा धावपट्टीवर शिकवते. परवा मी सगळ्या पोरांसमोर मालकाला खरं सांगितलं. तो म्हणाला, "जुनं कशाला उकरता?" म्हटलं, "उकरणार. काढायचं तर मला काढा." त्यानं काढलं नाही, आणि तिला परतही बोलावलं नाही. मग मी तिला फोन केला.

"मला काय सांगतोस?" ती म्हणाली. "मी हुते की तिथं. शिट्ट्या मारणाऱ्यास्नी सांग." आणि फोन ठेवला.

म्हणून सांगतोय. तुमच्यातलं कुणी त्या दिवशी पठारावर असेल, तर ऐका. तुम्ही टाळ्या वाजवल्यात तो माणूस मरता मरता वाचलेला एक मूर्ख होता. ज्या बाईला हसलात, तिनं तेवढ्या गर्दीसमोर आपल्याला कळत नाही हे कबूल केलं आणि छत्री उघडली. तेवढी छाती माझ्यात नव्हती, तुमच्या पुढाऱ्यात तर नाहीच. वय झालं म्हणून नाही, शहाणी होती म्हणून ती चुन्याबाहेर गेली. मालकाला राग येऊ दे. मी हे सांगतच राहणार.

हार गळ्यात पडत होता तेव्हा मी एकदा मान वर केली होती. सगळे माझ्याकडं बघत होते. आणि ती अजून वर होती, बोटाएवढी, अख्खी छत्री फुललेली, कुठलीही घाई नसल्यासारखी हळूहळू लांब चाललेली.