भाऊंच्या शुभहस्ते सिमकार्ड

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत, एका बाजूला पापडाचं मशीन आणि दुसऱ्या बाजूला नळांना पॉलिश मारणारा, अशा दोघांच्या मधल्या गाळ्यात आम्ही मोबाईल कंपनी चालवायचो. हसू नका. सर्व्हर होता, टॉवर होता, स्वतःची सिमकार्डं होती. टॉवर जेवणाच्या डब्याएवढा, पण ऐट आयफेलची. ज्या गोदामांत बाहेरची रेंज शिरत नाही तिथे आम्ही खाजगी नेटवर्क लावून द्यायचो. तिथे आमचं सिम घातलेला फोनच बोलणार, बाकीचे फोन म्हणजे वजनकाट्याला ठेवायची वजनं.

सिम लिहायचं काम माझं. कोरं कार्ड रीडरमध्ये सरकवायचं आणि त्याला त्याची ओळख शिकवायची, म्हणजे तू कोण, कुठल्या नेटवर्कचा, तुझं गुपित काय. पण त्याआधी कार्डाची किल्ली द्यावी लागते. आठ आकडे, प्रत्येक कार्डाचे वेगळे. तीनदा चुकलात की कार्ड कायमचं तोंड मिटतं. मग त्याला बनवणारा येऊ दे नाहीतर ब्रह्मदेव. इतका मानी प्राणी मी दुसरा पाहिला नाही. आमची मालवणची आत्यासुद्धा रुसली तरी चौथ्या फोनला लग्नाला येते.

लग्नावरून आठवलं, कारण सगळं त्याच्यासाठीच चाललं होतं. मुलुंडची मुलगी तयार होती, तिचे वडील तयार नव्हते. ते सरकारी पाणीपुरवठा खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. मी पाण्याचा पहिला घोट घेतोय तोवर त्यांनी विचारलं, "कंत्राटी का?"

"हो."

"मग पर्मनंट झालात की या."

उरलेलं पाणी मी उभ्यानेच प्यायलो.

आमचे साहेब म्हणाले, "भांडुपचं गोदाम चालू झालं की तुझं लेटर तयार." भांडुपचं गोदाम म्हणजे कोल्ड स्टोरेज. भिंती इतक्या जाड की आत माणसाचा विचारसुद्धा पोचत नसे. मी मोजकी कोरी कार्डं घेऊन गेलो. नवीन मागवायची तर ती परदेशातून, बोटीने की बैलगाडीने देव जाणे, पण नातवाच्या बारशाला पोचली असती.

गेटवर बघतो तर मंडप! साहेबांनी परस्पर भाऊंना बोलावलेलं. भाऊ म्हणजे तिथले माजी नगरसेवक. बॅनरवर 'माजी' हा शब्द मुंगीच्या अक्षरात. या माणसाने शौचालयांची, गतिरोधकांची, एकदा तर आधीच पाणी येत असलेल्या नळाची उद्घाटनं केलेली. कार्ड रीडरला लाल रिबीन बांधली होती. फोर्कलिफ्टच्या टायरवर नारळ फुटला. पहिलं सिम भाऊंच्या शुभहस्ते लिहायचं होतं. ते सगळ्यांना दिसावं म्हणून मोठा टीव्ही, आणि भाऊंसाठी टेबलावर वेगळा कीबोर्ड, त्यालाही झेंडूची माळ.

मी किल्लीचे आकडे हळूच वाचून दाखवायला लागलो. भाऊंनी हात वर केला.

"हे नको. आपल्या गाडीचा नंबर दोनदा टाकू. नऊच नऊ."

"भाऊ, चुकीचा नंबर टाकला तर कार्ड लॉक होईल."

"अरे, भांडुपमध्ये भाऊला लॉक आहे का कुठे?"

टाळ्या. नऊ, नऊ, नऊ. टीव्हीवर लाल अक्षरं उमटली. "परत टाका, भाऊ," साहेब हसत म्हणाले. परत. परत. कार्ड गेलं. "दुसरं द्या!" दुसरं गेलं. भाऊंच्या मेव्हण्यालाही मान द्यायचा होता. त्याने स्वतःची जन्मतारीख टाकली आणि तिसरं मारलं. जनमेजयाच्या यज्ञात सापसुद्धा इतक्या शिस्तीत पडले नसतील. माझ्या डोळ्यांसमोर मुलुंडचा जिना, आणि त्यावरून खाली उतरणारा मी.

माझ्याबरोबर सर्व्हर सांभाळणारी सहकारी होती, गोराईची ख्रिस्ती मुलगी, जिभेला धार कोयत्याची. ती लॅपटॉप घेऊन टीव्हीच्या मागे बसलेली; रीडर, टीव्ही आणि भाऊंचा कीबोर्ड, सगळं त्याच लॅपटॉपला जोडलेलं. ती कानाशी पुटपुटली, "रडतोस काय मेल्या? वायर काढ ना त्याची."

"कोणाची?"

"भाऊची काढता आली तर बघ. नाहीतर कीबोर्डची!"

मी रीडरमध्ये चौथं कार्ड सरकवलं, माळ सारखी करायच्या निमित्ताने वाकलो आणि टेबलक्लॉथखाली वायर उपटली. "भाऊ, आता मशीनला तुमचा हात ओळखीचा झालाय, होईल बघा," मी म्हणालो. खोटं बोलताना माझा आवाज कीर्तनकारासारखा गोड होतो. भाऊंनी नऊ दाबला, तिने मागे खरा आकडा दाबला, टीव्हीवर एक चांदणी उमटली. भाऊंच्या बोटांत इतक्या अंगठ्या की एका दणक्यात चार बटणं दबत. तरी तिने ताल सोडला नाही. आठ चांदण्या झाल्या आणि पडद्यावर हिरवी अक्षरं आली. कार्ड घातलेला फोन आत पाठवला, भाऊंनी सर्व्हरला जोडलेल्या टेबलावरच्या फोनवरून नंबर लावला आणि फ्रीजर रूममधून घंटी वाजली. भाऊंनी आत सुरमईच्या ढिगाशेजारी उभ्या असलेल्या ऑपरेटरला विचारलं, "ओळखलं का?" तो म्हणाला, "कोण बोलतंय?" तेवढं सोडलं तर कार्यक्रम झकास झाला.

साहेबांनी शब्द पाळला. लेटर घेऊन मी मुलुंडला गेलो. मुलीच्या वडिलांनी ते उघडलंसुद्धा नाही. त्यांनी त्यांचा फोन माझ्यासमोर धरला. व्हिडिओत भाऊ गर्जत होते, "गाडीचा नंबर टाकला आणि भांडुपला नेटवर्क आणलं!"

"खरं का हे?" ते म्हणाले. "ज्या कुलपाला कुठल्याही गाडीचा नंबर चालतो, त्या कुलपाच्या कंपनीत पर्मनंट म्हणजे किती दिवस?"

झाली पंचाईत! खरं सांगावं तर ते भाऊंच्या कानावर जाऊन लेटर रद्द. न सांगावं तर मुलगी रद्द. मी आतल्या दाराकडे पाहिलं. पडद्याखाली तिची पावलं दिसत होती. मी सगळं सांगून टाकलं.

ते उठले, आतलं दार लोटून घेतलं आणि परत येऊन माझ्या शेजारी बसले.

"आमच्या पंपहाऊसला पाहुणे यायचे," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यांच्यासाठी आम्ही एक हिरवं बटण बसवलं होतं. हे एवढं. मागे नुसती भिंत. पाहुण्याने दाबलं की मी खोकायचो, मग खाली फोरमन खरा पंप सुरू करायचा."

"कोणाला कळलं नाही?"

"कसं कळेल? बटणात दिवा होता, दाबलं की पेटायचा." ते पुढे वाकले. "तुझ्या त्या कीबोर्डवरचा दिवा? वायर काढल्यावर विझला असेल ना?"

"विझला."

"आणि एकाच्याही लक्षात आलं नाही?"

"नाही."

त्यांनी कपाळावर हात मारला आणि आत हाक दिली, "अगं, याचं पान वाढ. कामात कच्चा आहे, पण शिकवता येईल."