लांजेवार काकूंचे काटे

लांजेवार काकूंच्या घरात चमचे कमी आणि बाभळीचे काटे जास्त होते. खिडकीत एका कान तुटलेल्या कपात ते उभे करून ठेवलेले असत, लांब, पांढरे, धुऊन वाळवलेले. घोंघी खायची तर काट्यानंच, हा त्यांचा दंडक. शिजलेल्या शंखात काटा खुपसायचा, मनगटाला अर्धा पीळ द्यायचा आणि आतली घोंघी अख्खी बाहेर काढायची. "चमचा तं साखर ढवळाले हाय," त्या म्हणत.

घोंघी म्हणजे तळ्यात आणि धानाच्या बांध्यांत, भाताच्या खाचरांत, सापडणारी गोगलगाय. काकू साकोलीकडच्या, धानाच्या गावच्या. काका भिलाईच्या कारखान्यात क्रेन चालवत आणि त्यांच्या क्वार्टरची भिंत आमच्या भिंतीला लागून होती. सुपेल्याच्या बाजारातून काकू टोपलीभर घोंघी आणत आणि मागच्या नळाखाली घमेल्यात दोन दिवस ठेवत. सकाळ-संध्याकाळ पाणी बदलत. "पोटातला चिखल मारून नाई निंघत. पानी बदलत राहा, आपोआप सुटते." हे वाक्य त्या घोंघीबद्दल म्हणत, काकांच्या रागाबद्दल म्हणत आणि शेजारणींच्या भांडणाबद्दलही म्हणत.

माझी आई नागपूर शहरातली. घमेलं दिसलं की ती खिडकी लावून घेई. बाबा टाइम ऑफिसात कारकून. हा विषय निघाला की त्यांना नेमकं वर्तमानपत्र वाचायचं असे.

काकूंची शकू माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. सहावीत असताना रंगपेटीवरून आमचं भांडण झालं आणि मी सगळ्या वर्गासमोर तिला म्हटलं, "चल हट, घोंघीवाली!" मधली सुट्टी संपेपर्यंत ते नाव शाळाभर झालं. चौथ्या दिवशी शकूनं शाळेत जाणंच सोडलं.

काकू आमच्या दारात आल्या तेव्हा मी पडद्यामागे उभी होते. आता मार बसणार, अशी खात्रीच होती. पण त्या आईला एवढंच म्हणाल्या, "पोट्टी शाळेत जाऊन नाई राहिली, वहिनी. घोंघीवालीची पोरगी म्हणवून घ्याची लाज वाटते तिले. आता मलेच कायतरी करा लागते."

मराठी मंडळाचा आनंदमेळा दरवर्षी दिवाळीनंतर शाळेच्या मैदानावर भरे. त्या वर्षी सूचना होती: आपापल्या गावचा पदार्थ आणावा. काकूंनी नाव दिलं: घोंघी, अंबाडीच्या आंबट रश्श्यात. मंडळाच्या सेक्रेटरीणबाई धावतच आल्या. "अहो, लोक काय म्हणतील? थालीपीठ करा ना!"

"थालीपीठ तुमच्या गावचं, बाई. मटणाचा स्टॉल हाय ना? बकरा चालते, अन् घोंघी कावून नाई चालत? तिले चार पाय नाई म्हणून?"

बाई आल्या पावली परत गेल्या.

मेळ्याच्या दिवशी मटणाच्या स्टॉलवर झुंबड होती. काकूंच्या टेबलावर इस्त्रीची चादर, वाफाळतं पातेलं, द्रोणांची चळत आणि मधोमध काट्यांची वाटी. माणूस एकही नाही. लोक नाकाला रुमाल लावून पुढे जात. शकू लांब कडुनिंबाखाली आमच्याकडे पाठ करून उभी होती. पातेलं भरलेलं घरी गेलं असतं तर ती पुन्हा शाळेत आली नसती. हे मला कळत होतं आणि हातातली जिलबी मी परत कागदात गुंडाळून ठेवली. काकू मात्र हातात पळी घेऊन ताठ उभ्या होत्या.

तासभर असाच गेला. मग माझ्या शेजारच्या खुर्चीवरून बाबा उठले.

"अहो, कुठे?" आईनं विचारलं. बाबा सरळ काकूंच्या टेबलाशी गेले. द्रोण घेतला, काटा उचलला, शंखात खुपसून मनगट वळवलं आणि घोंघी अख्खी बाहेर आली. दुसरी, तिसरी. आई बघतच राहिली.

"वहिनी, अंबाडी अजून थोडी पाह्यजे होती," बाबा म्हणाले. "माही माय जास्त टाके. मी लाखांदूरचा हावो, तुमच्याच बाजूचा." अशी भाषा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"हात इसरला नाई तुमचा, भाऊजी!" काकू मटणाच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तोंड खोटं बोलते, हात नाई बोलत."

मग त्या रांगेतून एक फोरमन निघाले. मागोमाग सफारी सूटमधले एक साहेब, त्यांच्या मागे आणखी चौघं, आणि मग काकूंच्या टेबलापुढेच रांग लागली. चमचा कुणीच मागितला नाही. सगळ्यांचे हात न चुकता काट्यांच्या वाटीकडे गेले आणि सगळ्यांची मनगटं तशीच वळली. इतकी वर्षं ही माणसं आपापल्या क्वार्टरात काय लपवून बसली होती, कोण जाणे! बघता बघता वाटी रिकामी झाली.

"शके! घरून कप घेऊन ये वो, काटे सरले!"

शकू धावत सुटली. परत आली ती काकूंच्या शेजारी उभी राहून एकेकाला काटा देऊ लागली. मीही रांगेत होते. माझी पाळी आली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काटा पुढे केला. मला पीळ जमेना, काटा आतच मोडला. तिनं दुसरा दिला, माझं मनगट धरलं आणि वळवलं. आंबट, तिखट, चिवट, आणि मागाहून किंचित मातीची चव.

"शके, चुकलं माझं."

"पता है. खा."

काकूंनी रिकामं पातेलं टेबलावर उपडं घातलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून मैदानभर नजर फिरवली. इतकं देखणं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी शकू शाळेत आली. "घोंघीवाली" कोण म्हणणार? अर्ध्या वर्गाचे बाप रांगेत उभे राहिले होते.

माझं लग्न होऊन मी पुण्याला निघाले, तेव्हा काकूंनी माझ्या हातात आगपेटी ठेवली. आत काटे होते. "लोकं इचारतीन काय हाय म्हणून. झाकजो नको."

काकू आता नाहीत. आगपेटी आहे. ती सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात उघडली होती. "हे गं काय?"

"घोंघी खायचे काटे. गोगलगाय. आमच्याकडे खातात, मीही खाते."

सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी घाई केली नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता त्यांनी हळूच विचारलं, "चवीला कशी लागते गं?"