काशीला सोडलेला चहा

काशीला जाऊन लोक काय सोडून येतात, याची एकदा कोणीतरी झडती घ्यायला हवी. बहुतेक सगळे नावडती भाजी सोडतात. मी पडवळ सोडलं. आयुष्यात कधी आवडीनं खाल्लं नव्हतं, तेव्हा घाटावर ओंजळीतून पाणी सोडताना चेहरा मात्र मोठ्या त्यागाचा केला आणि पायऱ्या चढून वर आल्याबरोबर पहिल्या टपरीवर दोन चहा मागवले. हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, आपला कुल्हड माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "तुम्हीच घ्या दोन्ही. मी चहा सोडला."

मला आधी थट्टाच वाटली. आमची ही म्हणजे पक्की चहाबाज. पाहुणा आला की त्याच्याबरोबर चहा, आणि पाहुणा गेला की "दमले गं बाई" म्हणून पुन्हा चहा. मी चिडलोच. "अगं, गवार सोड, सुरण सोड. चहा कसला सोडतेस? डोकं दुखेल तेव्हा काय करशील?" तर म्हणते कशी, "आवडतं ते सोडलं तरच सोडलं म्हणायचं. नाहीतर विश्वनाथाला काय कळत नाही का तुमचं पडवळ?" घ्या! 

चहा सोडला तो मुलाच्या लग्नासाठी. मुलगा ऑकलंडला सॉफ्टवेअरमध्ये. ऑफिस माउंट वेलिंग्टनला, भाड्याचं घर बॉटनी डाउन्सला, पस्तिशी उलटलेली आणि आम्ही पुण्याहून सुचवलेल्या प्रत्येक स्थळाला एकच उत्तर, "बघू." त्या "बघू"नं हिची झोप उडाली होती. काशीहून आल्यापासून ही रोज माझ्यासाठी चहा करायची, आलं किसून घालायची, गाळताना वास घ्यायची आणि कप माझ्यापुढे ठेवून तिथून उठून जायची. एकट्यानं बसून चहा पिणं मला फार जड जायचं, हे मी तिला कधी बोललो नाही.

वर्ष व्हायच्या आत मुलाचा फोन आला. लग्न ठरवलं होतं. मुलगी ऑफिसातलीच, घर चिनी, लहानपणी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला आलेली. मी म्हटलं, "विश्वनाथाला पत्ता नीट सांगायला हवा होतास." ही हसली नाही. म्हणाली, "मुलगी मागितली होती, त्यानं दिली. आता खोट काढायची नाही." आणि त्याच दुपारी पेठेत जाऊन सुनेसाठी पाटल्या करायला टाकून आली. दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट ही. आमच्या आळीत कोणाची सून चिनी नव्हती. लोकांनी विचारलं की ही ताठ मानेनं सांगायची, "हो, चिनी आहे. गोड आहे."

आम्ही लग्नाच्या तीन आठवडे आधी ऑकलंडला पोचलो. व्याही पापाकुऱ्याला राहायचे. उमेदीत भाजीचे मळे केलेले, आता घरामागे कोबी-मुळ्याचे चार वाफे. पायात जँडल्स, म्हणजे आपल्या स्लिपरा, आणि गॅरेजमध्ये गाडीऐवजी चहा. गाडी बाहेर पावसात भिजत उभी आणि आत फळीवर डबेच डबे. पहिल्याच भेटीत त्यांनी मला तिथे नेऊन बसवलं. बांबूचा खाचांचा ट्रे, भातुकलीतली वाटावी एवढीशी किटली, त्याहून लहान कप. पानं टाकली, उकळतं पाणी ओतलं आणि सगळं लगेच ट्रेमध्ये ओतून दिलं! मी "अहो, अहो!" करत उठलोच. चांगला चहा फेकून देतो हा माणूस! मुलानं मला खाली बसवलं. "बाबा, पहिलं पाणी पानं धुवायला असतं. प्यायचं दुसरं."

मग मी रोजच जायला लागलो. मुलगा ऑफिसला जाताना सोडायचा, संध्याकाळी न्यायचा. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं इंग्रजी पुणेरी, पण चहाला भाषा फारशी लागत नाही. एक मोगऱ्याच्या वासाचा. एक शेवंतीच्या वाळक्या फुलांचा. आपण ती देवाला वाहतो, ते पितात. एक ऊलाँग, त्याचं नाव म्हणे लोखंडाची देवी, आणि तेच पान सहा-सहा वेळा भिजवून दर वेळी निराळी चव काढायची. आणि एक काळा, गोवरीसारखा थापून वर्षानुवर्षं मुरवलेला पु-अर. त्याला पावसाळाभर बंद राहिलेल्या खोलीचा वास. पहिल्या दिवशी घशाखाली उतरेना, आठवड्यानं मीच मागून घ्यायला लागलो. कोणी आपल्या कपात ओतलं की बोलायचं नाही, दोन बोटं वाकवून टेबलावर ठकठक करायची, ते आभार. मला आधी वाटलं, व्याही घाई करताहेत.

ही माझ्याबरोबर यायची आणि विहीणबाईंजवळ बसून भाजी निवडायची. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण हसणं चालायचं. हिच्यापुढे कप आला की ती तो हळूच माझ्याकडे सरकवायची. मुलानं परस्पर सांगून टाकलं होतं, आईला अ‍ॅसिडिटी होते. त्याला खरं कारण माहीतच नव्हतं. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, याला काय चहा म्हणायचं? ना दूध, ना साखर. काढा आहे हा. घे खुशाल." तर म्हणते, "ते काय म्हणतात याला?" ते "चा" म्हणत होते. झालं, मिटलं सगळं.

लग्नाआधीच्या संध्याकाळी मुलानं सांगितलं, उद्या सकाळी मुलीच्या घरी चहाचा विधी आहे. जोडप्यानं गुडघ्यावर बसून आईवडिलांना चहा द्यायचा, त्यांनी आशीर्वाद द्यायचा, लाल पाकीट द्यायचं, दागिना द्यायचा. हिनं लगेच विचारलं, "प्यावाच लागतो का रे?" हा फोनवर केटररशी बोलत होता. फोनवर हात ठेवून म्हणाला, "ते तिथे सांगतील गं आई. स्वीट अ‍ॅज." हे स्वीट अ‍ॅज तिकडचं, म्हणजे सगळं ठीक. कशासारखं गोड, ते पुढे सांगतच नाहीत. कोणीही काहीही सांगितलं नाही. मग हिनं आपल्या मनानं ठरवलं. "उपासाला न चालणारा प्रसाद आला तर आपण कपाळाला लावतोच की. तसा कपाळाला लावीन. मानच तो." मलाही ते पटलं. आपल्याकडे कोणालाही पटलं असतं.

सकाळी व्याह्यांच्या दिवाणखान्यात आम्हाला दोन खुर्च्यांवर बसवलं. समोर लाल उशा. मुलीची आजी, नव्वदीच्या घरातली, भिंतीशी बसलेली, आणि तिच्याभोवती सगळं गणगोत. सूनबाई लाल पोशाखात, केसांत फुलं, इतकी देखणी दिसत होती की हिचे डोळे आधीच भरून आले. आधी मला दिला. दोन्ही हातांनी, झाकणाचा कप, आत लाल खारका आणि कमळाचं बी. "चहा घ्या," चक्क मराठीत! मी प्यायलो, रिकामा कप दिला, खुर्चीच्या हातावर बोटं ठकठकवली. सगळी खोली हसली. सूनबाई म्हणाली, "थँक यू, बाबा."

मग ती हिच्यापुढे आली. "चहा घ्या." हिनं कप दोन्ही हातांनी घेतला, डोळे मिटले, कपाळाला लावला. किती वेळ लावून ठेवला! आणि मग तसाच भरलेला शेजारच्या ट्रेमध्ये ठेवला. कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवून पोरीच्या कपाळाला लावलं, हातात पाटल्या चढवल्या, तिची अलाबला काढून बोटं मोडली. तिच्या परीनं तिनं जे जे होतं ते सगळं दिलं. आणि पोरगी तशीच गुडघ्यावर, रिकामा कप घ्यायला हात पुढे केलेले. ते हात ती मागे घेईना.  भिंतीपाशी आजी काहीतरी पुटपुटली आणि काठी टेकत उठून आत निघून गेली.

"आई, पी ना. एक घोट," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला. हिनं माझ्याकडे पाहिलं. तिची ती नजर मला अजून सोडत नाही. काहीतरी करायचं म्हणून मी तो कप उचलला आणि गटागटा पिऊन टाकला. वाटलं, नवरा-बायकोचं काय, एकच. पण समोरच्यांना दिसलं ते एवढंच की सासूनं ठेवला आणि सासऱ्यानं झाकपाक केली. सूनबाईनं माझ्या हातातून कप घेतला, मान लववली आणि उठली. हिला ती काहीच म्हणाली नाही.

संध्याकाळी रिसेप्शनच्या हॉलच्या मागच्या दाराशी मुलगा आमच्यावर तडकला. तेव्हा आम्हाला कळलं. तो चहा सासूच्या पोटात गेला की मुलगी सून होते. कप रिकामा होऊन परत आला की पहिल्यांदा आई अशी हाक मारायची. ठेवून दिला, म्हणजे मुलगी पत्करली नाही. "आई, तिची आजी रडतेय. तू काय केलंस हे!" ही भिंतीला टेकून उभी राहिली. तो गेल्यावर मी म्हटलं, "चल, सांगून टाकू सगळं." तर माझा हात घट्ट धरून म्हणाली, "खबरदार! नवस बोलून दाखवला की फळत नाही. आणि तिला काय वाटेल? नवसाला चहा टाकून मागून आणली म्हणून जन्मभर ओझं होईल पोरीला. मी आहे तोवर सांगायचं नाही. माझी शपथ आहे." "मग आत्ता जाऊन पी दोन घोट." "लग्नाच्या दिवशीच व्रत मोडू? त्या दोघांना काही झालं म्हणजे?"

 यावर उत्तर असेलही, पण तेव्हा सुचलं नाही. सुचायला हवं होतं हो.

सूनबाई वागायला कधी वाकडी नव्हती. एअरपोर्टवर पाया पडली. दिवाळीला हिच्यासाठी लोकरीची शाल पाठवली. हीसुद्धा कोणी ऑकलंडला जाणारं भेटलं की गोडा मसाला, मेतकूट, हातानं विणलेला स्वेटर पाठवायची. रविवारी वेबकॅमवर दोघं दिसायची. "बाबा, कसे आहात?" अगदी स्वच्छ. आणि हिच्याकडे पाहून नुसतं, "हॅलो." आई नाही, आंटीसुद्धा नाही. कॉम्प्युटर बंद झाला की ही पदरानं उगाच त्याची काच पुसायची. एकदा म्हणाली, "मला ती काहीच म्हणत नाही हो." मी म्हटलं, "म्हणेल. नातवंडं होऊ देत." मुलाला विचारलं तर तो म्हणायचा, "इट्स फाइन बाबा, नो वरीज." तिकडचे लोक नो वरीज म्हणाले की आपण खुशाल काळजीला लागावं.

नातवंड व्हायच्या आधीच ही गेली. ताप काय आला, न्यूमोनिया काय झाला, आठवड्यात खेळ आटोपला. सूनबाईला सातवा महिना, डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नाही. मुलगा एकटा आला. शेवटच्या दुपारी नर्सनं विचारलं, आजी, चहा देऊ का थोडा, घसा सुकलाय. हिनं मान हलवली. नाही म्हणून.

बाळ झाल्यावर मुलगा मला ऑकलंडला घेऊन गेला. एका दुपारी तो ऑफिसात, बाळ झोपलेलं, आणि सूनबाई ओट्यापाशी दुधाच्या बाटल्या उकळत होती. शपथ सुटली होती. मी टेबलाशी बसून माझ्या इंग्रजीत सगळं सांगितलं. काशी, घाट, पडवळसुद्धा. ती वळून ऐकत राहिली. मागे शेगडीवर पाणी आटून बाटल्या करपल्या तरी तिला वास आला नाही. मीच उठून गॅस बंद केला.

तिनं करपलेलं पातेलं उचलून सिंकमध्ये ठेवलं. मग इंग्रजीत म्हणाली, "बाबा, कपात काहीही चाललं असतं. साधं पाणी चाललं असतं. कोणीतरी सांगायचं होतं मला."

मी म्हटलं, "तिची शपथ होती."

"मला वाटलं, त्यांना मी नको आहे. मग मी हाक मारून त्यांना त्रास कशाला देऊ?" ती ओटा पुसायला लागली. "मी शिकले होते तो शब्द. ऑफिसला जाता-येता गाडीत म्हणून बघायचे. मला येतो तो."

आणि मी तिथे नाहीच, असं समजून खिडकीकडे पाहत तिनं हाक मारली, "आई."

उच्चार अगदी आपल्यासारखा. घरातल्या कोणत्याही खोलीतून ही "ओ, आले!" म्हणून धावत आली असती. मी वाट पाहिली. खरंच पाहिली.